जोडून देते, थांबा

१७ मार्च, तू गेलास ते वर्ष

धाकट्या,

तुझा राग अजून तसाच असणार. तू जन्मलास तोच मुठी आवळून, असं आई सांगायची. तरी लिहायला बसले आहे, कारण ती रोज विचारते, "त्याला पत्र टाकलंस का?" अर्धांगाने वाकडं झालेल्या तोंडातून तो प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकवत नाही.

बंदरावर तू मला जे बोललास ते मी तिला सांगितलेलं नाही. "बंदुका घेऊन आलेल्यांसाठी हॅलो हॅलो करत बसणारी माझी बहीण नाही." मी म्हटलं, आईला कोण बघेल? तू म्हणालास, बोटीवर नेऊ. जिला कूस बदलायला माणूस लागतं, तिला बोटीवर! तू असाच. आधी दार आपटायचं, मग चप्पल आत राहिली म्हणून परत यायचं. या वेळी मात्र परत आला नाहीस.

एक्स्चेंज आहे तिथेच आहे. आम्ही मुली ओळीने स्टुलांवर बसतो, कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. दिवसभर तेच, "नंबर प्लीज" आणि "जोडून देते, थांबा." दाराशी आता एक शिपाई उभा असतो. भिंतीवरची जुनी तसबीर काढली, तिथे पांढरा चौकोन उरलाय. नवी यायची आहे. आमच्या सुपरवायझर, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या म्हणाल्या, "भिंतीकडे बघू नका. बोर्डाकडे बघा."

परवा एक कॅप्टन आला. वागायला अगदी सभ्य. माझ्या शेजारणीच्या मागे उभा राहून त्याने विचारलं, "तुम्ही लोकांचं बोलणं ऐकता का?"

"नाही साहेब. मनाई आहे."

"होती," तो म्हणाला आणि पुढे गेला.

दुसरी बातमी अशी की माझं लग्न ठरतंय. ते मुलांच्या शाळेत भूगोलाचे मास्तर आहेत. कोटाच्या खिशात खडू ठेवतात, त्यामुळे कायम पीठ सांडल्यासारखे दिसतात. तू असतास तर हसला असतास.

तुझी,
ताई

२ नोव्हेंबर, युद्धाचं दुसरं वर्ष

धाकट्या,

आधी हे पत्र मधे उघडून वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. मागच्या पत्राच्या पाकिटाला त्यांनी डिंक फार लावला होता. पोस्टातून ते परत आलं, अर्ध्या ओळी काळ्या करून. तेव्हा आता फक्त घरचं लिहिते.

आई गेली. सकाळी चहाचा पेला तोंडाला लावला तर ओठ हलले नाहीत. खिडक्यांना काळे कागद लावलेत, त्यामुळे खोलीत दिवस उजाडला होता की नाही तेही तिला कळलं नसेल. शेवटच्या आठवड्यात ती मास्तरांनाच तुझ्या नावाने हाक मारत होती. तेही "काय गं आई" म्हणून ओ देत होते. 

आणि मला मुलगी झाली आहे. तिला तुझी हनुवटी मिळाली. बिचारी.

पाव रांगेत उभं राहून मिळतो. रांगेत आता कुणी कुणाशी बोलत नाही. पूर्वी मला वाटायचं, बायका चार क्षण गप्प बसतील तर बरं. आता त्या खरंच गप्प असतात, आणि मला मान वळवून मागे बघायची भीती वाटते.

तू ज्या बोटीने गेलास त्या कंपनीच्या ऑफिसकडे पत्र पाठवते आहे. पोचलं तर पोचलं.

ताई

११ फेब्रुवारी, युद्ध संपल्यानंतर

धाकट्या,

आम्ही दोघी ठीक आहोत. मुलगी चालते, पळते, उलट बोलते.

मास्तर शाळेच्या कामाने बाहेरगावी गेलेत. केव्हा परततील ते सांगून गेले नाहीत. पत्ता अजून कळलेला नाही. मी चार ठिकाणी चौकशी केली. सगळे सांगतात की ते तिथे नाहीत आणि मी पुन्हा विचारायला येऊ नये.

कामावर मी रोज वेळेवर जाते. प्रकृती चांगली आहे. आपल्याकडे सगळं शांत आहे.

ताई

९ जून, पहारे उठले ते वर्ष

धाकट्या,

आज पाकिटाला डिंक मीच लावणार आहे आणि तो तूच सोडवशील. काल एक्स्चेंजच्या दारावरचा शिपाई बंदूक भिंतीला टेकवून घरी निघून गेला. थोड्या वेळाने एक बाई आली आणि ती बंदूक छत्रीसारखी काखेत धरून चालती झाली. असं संपलं बघ. इतकी वर्षं आम्ही ज्याची भीती धरून बसलो, ते असं.

आता तुला सांगते, मास्तर कुठल्या बाहेरगावी गेले होते.

युद्ध संपलं तेव्हा डोंगरापलीकडचा मुलूख आपल्या हातून गेला होता, हे तुला ठाऊक असेलच. इथे मात्र तो कधी आपला नव्हताच, असं ठरलं. शाळांना नवे नकाशे आले. मास्तरांनी नवा टांगला, पण जुना उतरवला नाही. एका पोराने विचारलं, "मास्तर, माझी आजी राहते ते गाव नव्यात नाही. ती कुठे गेली?" मास्तर म्हणाले, "आजी आहे तिथेच आहे. शाई बदलली." एवढंच. ते त्या पोराने घरी सांगितलं, घरच्यांनी आणखी कुठे.

त्या दिवशी सकाळी मुख्यालयातून पोलीस चौकीला फोन मागितला. मी जोडला. पलीकडून उचलला की नाही हे बघायला आम्ही क्षणभर लाइनवर थांबतो. तेवढ्यात ऐकलं, "मुलांची शाळा. भूगोलवाला. दुपारच्या आत."

मी दुसरी दोरी उचलून शाळेच्या भोकात घातली. शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला. शाळेच्या शिपायाने मास्तरांना वर्गातून बोलावून आणलं.

मी म्हटलं, "आत्ता निघा. मागच्या दाराने. घरी येऊ नका."

ते म्हणाले, "किती वेळ आहे?"

"माहीत नाही. निघा ना!"

"अगं, वर्ग भरलाय. गाडी फाटकात आली आणि मी सापडलो नाही, तर ते पोरांना विचारत बसतील. एकेकाला उभं करून विचारतील. पोरं लहान आहेत."

"आपली पण लहान आहे."

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच."

फोन ठेवला त्यांनी. मोठ्या बाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. माझ्या बोर्डावरून शाळेकडे गेलेली दोरी त्यांनी पाहिली, स्वतःच्या हाताने ओढून काढली आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. वर त्यांनी ते कधी कळवलं नाही.

पुढचं मला शाळेच्या शिपायाने सांगितलं. मास्तर वर्गात परत गेले, पोरांना म्हणाले, वहीत एक नदी काढा, उगमापासून समुद्रापर्यंत, मान वर करायची नाही. मग दार लोटून घेतलं आणि चालत जाऊन फाटकात उभे राहिले, पाहुण्याला घ्यायला उभं राहावं तसे. गाडीला आत यावंच लागलं नाही. पोरं नदी काढत होती.

दुपारी चौकीवरच्या माणसाने मुख्यालयाला फोन मागितला. "काम झालं," तो म्हणाला. तो फोनही मीच जोडला, धाकट्या. जोडला नसता तर शेजारणीने जोडला असता. तरी तो माझ्या हातून गेला, हे खरं.

त्यानंतर बाहेरगावचं ते पत्र तुला लिहिलं. ते तुला कळलं, कारण पुढच्या हिवाळ्यात तुझं पार्सल आलं. आत लोकरीचे मोजे, चिठ्ठी नाही. मोजे पुरुषाच्या मापाचे होते. ते मी जपून ठेवलेत. त्या पार्सलवर मला पहिल्यांदा तुझा खरा पत्ता मिळाला.

तुरुंग उघडलेत. लोक रोज स्टेशनवर जातात. मीही जाते.

ताई

३० सप्टेंबर, त्याच वर्षी

धाकट्या,

ते आले. गाडीतून उतरले तेव्हा मी त्यांच्या शेजारून पुढे निघून गेले होते. ओळखलंच नाही. मुलीने ओळखलं, जिला ते फक्त फोटोतूनच आठवत होते.

एका कानाने ऐकू येत नाही. दार लावून झोपत नाहीत. आणि घरातून बाहेर पडताना उंबऱ्याशी थांबून विचारतात, "जाऊ का?" मी म्हणते, "जा की, मला काय विचारता?" तरी थांबतात. मी "जा" म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत.

तिथे काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तुझे मोजे त्यांना बरोबर बसले.

ताई

२६ ऑगस्ट, पुष्कळ वर्षांनी

धाकट्या,

मधे तुला लिहिलं नाही. खरं सांगू का, बरं चाललं होतं. बरं चाललेलं असलं की माणूस पत्र लिहीत नाही. आणि तुझं उत्तर येत नाही म्हटल्यावर मीही म्हटलं, दोन्ही घरी हट्टीपणा एकाच आईचा आहे, राहू दे.

थोडक्यात सांगते. एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली. लोक आपापले नंबर फिरवू लागले आणि आमच्या दोऱ्या एका दुपारी टेंपोत भरून नेल्या. मला चौकशी खिडकीवर बसवलं, तिथूनच निवृत्त झाले. मोठ्या बाईंना मी शेवटी दवाखान्यात भेटले. ओळखलं त्यांनी. "बोर्डाकडे बघ," म्हणाल्या.

मास्तर परत शाळेत शिकवू लागले. "जाऊ का?" हे मात्र सुटेना. मग एकदा मी भांडी घासत होते आणि घर एकदम शांत वाटलं. बघते तर ते नाहीत. जिन्यापर्यंत धावले, तर ते खालून येत होते, हातात गाजरांची जुडी. म्हणाले, "स्वस्त मिळाली." न विचारता गेले होते, धाकट्या! मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून रडले. ते बाहेरून विचारत होते, "का गं, शिळी आहेत का?"

ते झोपेतच गेले. दार उघडंच होतं.

नंतर साथ आली. तुमच्याकडेही आली असेल. आमची मुलगी तीत गेली, जावई आधीच दुसरं घर करून बसला होता. तिची लेक मी वाढवली. सतत गुणगुणत असते म्हणून तिला भुंगी म्हणतो. आता ती सरकारी इस्पितळात नर्स आहे. तुझी हनुवटी तिच्यापर्यंत पोचली आहे.

आज लिहायचं कारण वेगळंच आहे. इथे नवे लोक निवडून आलेत. बंदुका नाहीत, शिपाई नाहीत. मला "आजी" म्हणतात, रस्ता ओलांडायला हात देतात. सगळे म्हणतात, आता शिस्त येईल. पण परवा भुंगीच्या इस्पितळात एक सूचना लागली की, कोण जखमी कुठून आला ते आधी चौकीला कळवायचं आणि मग पट्टी बांधायची. बाजारात पाव घ्यायला गेले होते. रांग होती. आणि रांगेत कुणी बोलत नव्हतं.

मी पाव न घेताच घरी आले.

ताई

४ एप्रिल

धाकट्या,

वेळ कमी आहे. नीट वाच.

गेल्या आठवड्यात चौकात पोरापोरींचा मोर्चा निघाला. गोळीबार झाला. रेडिओवर म्हणाले, फटाके होते. भुंगीच्या वॉर्डात ते फटाके लागलेली पोरं खच्चून भरली होती. तिने आणि तिच्या डॉक्टरने चौकीला कळवलं नाही. टाके घातले आणि धोब्याच्या गाडीतून, मळक्या चादरींखाली झाकून, एकेकाला घरी पोचवलं. काल डॉक्टरला त्याच्या घरातून नेलं. त्याची बायको चौकशीला गेली तर सांगितलं, तो इथे नाही आणि पुन्हा येऊ नका.

ते शब्द मला नवे नाहीत.

सकाळी भुंगी गणवेशाला इस्त्री करत होती. मी म्हटलं, "ते ठेव. बूट घाल."

"आजी, दुपारची पाळी आहे माझी."

"पाळीवर जायचं नाही."

"अगं, दोन पोरं अजून आत आहेत. एकाची नळी आज काढायची आहे. मी गेले नाही तर कोण बघेल?"

"दुसरी कुणी बघेल."

"आणि दुसरीनेही असंच म्हटलं तर? आजोबा पळाले होते का?"

हे ती मला ऐकवते! मी तिचा हात धरला. या वयात हाताला जोर राहत नाही म्हणतात, पण तिचा हात दुखला असणार.

"तुझ्या आजोबांना मी फोनवरून सांगितलं होतं," मी म्हटलं. "फोनवरून माणसाला ओढता येत नाही. आज मी इथे आहे. तू या घरातून पाळीवर जाणार नाहीस. जायचंच असेल तर मला ढकलून जा."

ती उभी राहिली. इस्त्री तशीच गणवेशावर राहिली, जळका वास सुटला. मग ती खाली बसली आणि बूट घालायला लागली. नाडी बांधता येईना, इतकं रडू येत होतं. मीही वाकू शकत नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण वर आली, तिने बांधली. त्या मुलाची नळी काढायचा निरोपही शिंपीणच दुसऱ्या नर्सकडे नेणार आहे. त्याशिवाय भुंगी उठायला तयार नव्हती.

शिंपिणीचा भाचा ट्रकने लाकूड घेऊन सरहद्दीपलीकडे जातो. भुंगी त्याच्याबरोबर निघाली आहे. हे पत्र तो पलीकडे गेल्यावर टाकेल. तिथून ती रेल्वेने तुझ्याकडे येईल. तुझ्या पार्सलवरचा पत्ता तिच्याकडून मी पाठ करून घेतलाय. तू अजून तिथेच राहतोस का, हयात आहेस का, मला काहीही माहीत नाही.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. तू मला बहीण मानत नसलास तर नको मानू. ती आईची पणती आहे. तिला घरात घे.

मी येत नाही आहे. ट्रकच्या पाठीत म्हातारीची हाडं काय टिकणार? आणि घर रिकामं दिसलं तर ते लगेच रस्त्यावर शोधायला निघतील. मी तिच्या खोलीत रेडिओ लावून ठेवलाय. तिचं जेवण वाढीन, ताट आत नेऊन ठेवीन. शेजाऱ्यांना सांगितलंय की तिला गोवर निघालाय आणि कुणी आत येऊ नका.

ताई

९ एप्रिल

धाकट्या,

तो राँग नंबर नव्हता.

सांगते. चौकीतले दोघेजण गोवर बघायला डॉक्टर घेऊन आले. तिच्या खोलीत रेडिओ चालू, गादी रिकामी. डॉक्टर बिचारा खाली बघत होता. दोघांतला मोठा, चष्मेवाला, अजिबात रागावला नाही. म्हणाला, "आजी, छान केलंत. आता आम्ही इथेच बसतो. ती पोचली की फोन करेलच." मग त्यांनी फोनला बोलणं टिपणारी एक डबी जोडली आणि खुर्च्या ओढून बसले. रोज सकाळी यायचे, पाळीपाळीने. मी चहा द्यायचे. दिला नसता तर भीती वाटते असं वाटलं असतं.

काल सकाळी फोन वाजला.

चष्मेवाला म्हणाला, "उचला. आणि बोलत राहा. जितकं जास्त बोलाल तितकं बरं."

मी उचलला. खरखर झाली, आणि मग कुणीतरी म्हातारा माणूस घसा साफ करत म्हणाला, "ताई?"

आवाज मी ओळखला नाही, धाकट्या. आवाज बाबांचा होता. पण मला ताई म्हणणारं या जगात दुसरं कोण आहे?

"ताई, मी बोलतोय. अगं, ऐकू येतंय का? ताई, ती..."

"राँग नंबर," मी म्हटलं. "इथे कुणी ताई राहत नाही."

आणि ठेवून दिला.

चष्मेवाल्याने विचारलं, "कोण होतं?"

"कुणी म्हातारा. त्याला बहीण हवी होती."

त्याने डबीतलं पुन्हा ऐकलं. एवढ्यावरून गाव लागेना, घर लागेना. तो उठला, म्हणाला, "उद्या दुपारी आमच्याकडे या. गाडी पाठवतो."

तुला भुंगीने फोन करू नकोस म्हटलं असणार आणि तू ऐकलं नसशील. मी रागावलेली नाही. आयुष्यभर मी लोकांचे फोन जोडून दिले, आणि माझा आला तेव्हा दोन वाक्यांत तोडला. तरी तुझ्या तेवढ्या बोलण्यातून मला सगळं कळलं. ती पोचली नसती तर तू फोन कशाला केला असतास? तिच्यामुळे तू इतक्या वर्षांनी तोंड उघडलंस. आणि "ती" तू घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणालास, म्हणजे तू तिला घरात घेतलंस.

आता पुन्हा फोन करू नका. दोघांनीही. हे पत्रही वाचून जाळून टाक.

तिचं सांगते. ती रात्रपाळीसारखं दिवसा झोपेल, उठवू नकोस. कामाला लागल्याशिवाय तिला चैन पडणार नाही, तेव्हा जवळचं इस्पितळ तिला लवकर दाखव. माझ्याबद्दल विचारेल तर खरं सांग, लपवू नकोस. तिने खूप जखमा पाहिल्यात, खोट्याने ती फसत नाही. गुणगुणायला लागली की समज, ती सावरतेय. मग तू मात्र तिला गप्प बस म्हणू नकोस, बेसूर असली तरी.

शिंपीण दारात उभी आहे, भाचा खाली ट्रक चालू करून थांबलाय. गाडी दुपारी येईल. मी केस विंचरून, चांगली साडी नेसून बसले आहे. त्यांनी जिन्यात हाका मारत यावं अशी वेळ मी येऊ देणार नाही. वरच्या मजल्यावर लहान पोरं आहेत. मी आधीच खाली जाऊन उभी राहीन.

तुझीच,
ताई